उसनी गाडी, आपली गाडी

माझे मामू बारा वर्षं रियाधमध्ये ड्रायव्हर होते. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या हातात जी गाडी होती तिच्या नाकावर शेव्हरोलेचं सोनेरी चिन्ह होतं आणि पाठीवर 'लुमिना' हे नाव. सुट्टीत चिपळूणला आले की ते त्या गाडीविषयी घरच्या माणसासारखं बोलत. बाहेर आग ओतत असली तरी आत कसं गार, दम्मामपर्यंत एका दमात गेलं तरी इंजिनाची कुरकूर नाही. शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं, "अमेरिकन माल आहे, बेटा."

ती गाडी अमेरिकेत बनलेली नव्हती. दक्षिण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड शहराच्या उत्तरेला एलिझाबेथ नावाची वसाहत आहे, तिथल्या कारखान्यात ती जोडली गेली होती. तिची आखणी मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड भागात झाली होती. मायदेशी तिचं नाव होल्डन कमोडोर. आखातात पाठवताना तिला शेव्हरोलेचं चिन्ह लावत आणि स्टिअरिंग डावीकडे बसवत. कोकणातून आखातात गेलेल्या कितीतरी लोकांनी तिचं स्टिअरिंग हातात धरलं असेल. ती कुठून आली हे विचारायचं कारण कुणाला पडलं नसेल.

मला ते पडलं, कारण माझा धंदाच तसा आहे. मी चिंचवडला एका लहान कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. आम्ही पत्रा दाबायच्या डाय बनवतो. ड्रॉइंग परदेशातून येतं, आम्ही त्याबरहुकूम पोलाद कापतो. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात आखणाऱ्याचं, तपासणाऱ्याचं आणि मंजुरी देणाऱ्याचं नाव असतं. भोक अर्धा मिलिमीटर डावीकडे सरकवलं तर पार्ट जास्त टिकेल, हे मशीनवरच्या पोराला दिसत असतं; पण त्या चौकटीत ज्याचं नाव आहे त्याने होकार दिल्याशिवाय भोक सरकत नाही. गाडी कुणाची, हा प्रश्न मी त्या चौकटीवरून सोडवतो. होल्डनची गोष्ट मला जवळची वाटते ती यामुळेच. त्या चौकटीत आपलं नाव यावं म्हणून एका देशाने जवळजवळ साठ वर्षं घालवली, आणि नाव आल्यावर थोड्याच वर्षांत कागदच मिटला.

होल्डन हे मूळचं खोगिराचं दुकान. जेम्स अलेक्झांडर होल्डन यांनी १८५६ साली अ‍ॅडलेडमध्ये ते सुरू केलं. पुढे घोडागाड्या, मग मोटारींचे सांगाडे आणि १९३१ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे मालकी. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात स्वतःची गाडी बनवायची असं ठरलं आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांच्या हस्ते फिशरमन्स बेंडला पहिली होल्डन लोकांसमोर आली. किंमत ७३३ पौंड, म्हणजे साध्या कामगाराचा पावणेदोन-दोन वर्षांचा पगार. तरी लोकांनी नंबर लावले. जाहिरातीत तिला 'ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी' म्हटलं जायचं.

आता चौकट पाहू. या 'स्वतःच्या' गाडीचा आराखडा डेट्रॉइटमध्ये तयार झाला होता. तिचे पहिले नमुनेही अमेरिकेत बनले आणि मग जहाजाने ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या रस्त्यांवर तपासले गेले. म्हणजे सुरुवात आपल्यासारखीच. आपली अ‍ॅम्बॅसेडर इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, कुर्ल्याला बनणारी पद्मिनी मूळची इटलीची फियाट. फरक पुढच्या वाटचालीत पडला. अ‍ॅम्बॅसेडरने आपला चेहरामोहरा पन्नासहून अधिक वर्षं फारसा बदलला नाही. होल्डनवाले मात्र दर दोन-तीन वर्षांनी हात घालत राहिले. १९५७ साली त्यांनी मेलबर्नच्या आग्नेयेला लँग लँग इथे स्वतःचं चाचणी मैदान बांधलं. खडी, धूळ, खड्डे, पाणी असे देशभरातले वाईट रस्ते एका कुंपणात आणून ठेवले आणि तिथे गाड्या मोडायला घेतल्या. मोडलेली गाडी हे आमच्या धंद्यातलं सर्वांत खरं पुस्तक. दुसऱ्याने लिहिलेला अहवाल वाचून जे कळत नाही ते तुटलेल्या वेल्डिंगकडे बघून कळतं.

या शिकवणीचा कस १९७० च्या दशकात लागला. तेलाच्या संकटाने जगभर मोठ्या गाड्यांची झोप उडाली होती. होल्डनने आपली ऐसपैस किंग्जवूड बाजूला ठेवून जर्मनीच्या ओपेल कंपनीची आटोपशीर रेकॉर्ड घ्यायचं ठरवलं. ओपेलही जनरल मोटर्सचीच, त्यामुळे घरातल्या घरात उसनवारी. हिशेब सोपा दिसत होता. तयार जर्मन गाडी घ्यायची, तिचं नाक सहा सिलिंडरचं इंजिन मावेल इतकं लांब करायचं आणि विकायची. पण ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या रस्त्यांवर वेगाने पळवल्यावर ती जर्मन गाडी इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यापाशी अक्षरशः दोन तुकडे व्हायला लागली.

मला इथे थांबावंसं वाटतं. रेकॉर्ड ही खराब गाडी नव्हती. ती गुळगुळीत डांबरी रस्त्यांसाठी, थंड हवेसाठी, लहान अंतरांसाठी आखली होती. तिला कुणी शेकडो किलोमीटरच्या खडबडीत मातीच्या रस्त्याविषयी विचारलंच नव्हतं. होल्डनच्या लोकांनी सांगाडा मजबूत केला, पुढचं सस्पेन्शन बदललं, स्टिअरिंगची यंत्रणाच दुसरी बसवली. खर्च सुमारे ११ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेल्याचं सांगितलं जातं, जवळपास नवी गाडी उभी करण्याइतका. ऑक्टोबर १९७८ मध्ये ती 'कमोडोर' नावाने बाजारात आली. कागदोपत्री बघाल तर जर्मन, पत्रा उचकटून बघाल तर बरीचशी ऑस्ट्रेलियन.

तरीही एक गोष्ट राहून गेली होती, रुंदी. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं खांद्याला खांदा लावून बसायची पद्धत असलेल्या देशात ही गाडी अरुंद पडली. प्रतिस्पर्धी फोर्डने आपली फाल्कन रुंदच ठेवली होती. टॅक्सीवाले आणि कुटुंबवाले तिकडे वळले आणि १९८२ साली फाल्कनने विक्रीत पहिला नंबर घेतला. आपल्याकडच्या वडापच्या जीपवाल्याला विचारा, मागच्या सीटची रुंदी म्हणजे काय ते तो बरोबर सांगेल. होल्डनने हा धडा घेतला. १९८८ ची कमोडोर रुंद होऊन आली. १९९७ ची कमोडोर ओपेलच्या ओमेगावरून काढलेली होती, पण या वेळी रुंदीचा विचार आधीपासून केलेला आणि डाव्या स्टिअरिंगचाही. त्यातूनच पुढे आखाताचा बाजार उघडला. १९९८ या एका वर्षात ऑस्ट्रेलियात ९४ हजारांहून जास्त कमोडोर विकल्या गेल्या. १९९६ पासून २०१० पर्यंत सलग पंधरा वर्षं ती देशातली सर्वाधिक खपाची गाडी होती.

त्याच १९९८ साली आपल्या पुण्यात टाटांची इंडिका आली. तिच्या बाह्यरूपासाठी इटलीच्या संस्थेची मदत घेतली होती, आणि तरी तिला आपण भारतीय गाडी म्हणतो. माझ्या मते बरोबरच म्हणतो. त्या गाडीसाठी पिंपरीत किती डाय घासल्या गेल्या, किती पोरं रात्रपाळीत त्यातून शिकली, हे या भागातल्या जुन्या कामगारांना माहीत आहे.

मग २००६ साल. होल्डनने पहिल्यांदाच जर्मन सांगाड्याचा हात सोडला. व्हीई या सांकेतिक नावाची कमोडोर चाकांपासून टपापर्यंत ऑस्ट्रेलियात आखली होती. खर्च १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. एकाच मुळातून त्यांनी अख्खं कुटुंब काढलं. आधी सेडान आणि तिची लांबलचक, साहेबी थाटाची बहीण, पुढच्या दोन वर्षांत मागे मोकळा हौदा असलेली 'यूट' आणि सामानसुमान मावणारी वॅगन.

या गाडीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा हँडब्रेक. दोन पुढच्या सीटमधला कप्पा दोन्ही बाजूंनी सारखा आखला आणि हँडब्रेकचा दांडा त्यातच बेमालूम बसवला. स्टिअरिंग उजवीकडे असो वा डावीकडे, बदल करणं सोपं व्हावं हा हेतू. अ‍ॅडलेडचा ग्राहक आणि रियाधचा ग्राहक दोघेही आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होते. मामूंना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे आमचा विचार केला होता म्हणायचं," ते म्हणाले. आखातात राबलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकताना मला बरंच काही ऐकू आलं.

चौकटीत नाव तर आलं. या आखणीच्या पायावर फिशरमन्स बेंडच्या लोकांनी अमेरिकेच्या शेव्हरोलेसाठी नवी कॅमेरो उभी करून दिली. कमोडोर पाँटियाकच्या नावाने अमेरिकेलाही निघाली. पण २००९ साली जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, पाँटियाक हा ब्रँडच गुंडाळला गेला आणि तो बाजार हातातून निसटला. पाठोपाठ खाणींच्या तेजीत ऑस्ट्रेलियन डॉलर इतका वधारला की तो अमेरिकन डॉलरच्याही वर गेला. निर्यात करणाऱ्याला याचा अर्थ कळतो. गाडी तीच, मजुरी तीच, पण परदेशात ती महाग.

घरातही वारं फिरलं होतं. परदेशी गाड्यांवरचं आयात शुल्क १९८० च्या दशकापासून उतरत गेलं आणि २०१० साली पाच टक्क्यांवर आलं. थायलंडशी मुक्त व्यापाराचा करार २००५ पासून लागू झाल्यावर तिथून पिकअप गाड्या शुल्काविना यायला लागल्या. लोकांची आवडही बदलली. काहींनी लहान गाड्या घेतल्या, काहींनी उंच एसयूव्ही. २०११ साली माझ्दाच्या एका छोट्या गाडीने कमोडोरला पहिल्या जागेवरून उठवलं. आणि मुळात बाजारच लहान. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा सव्वादोन-अडीच कोटींच्या दरम्यान, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढी.

सरकारने किती काळ पैसे ओतायचे यावर तिथे कडाक्याचा वाद झाला. ज्याला गाडी बनवायची नाही अशा करदात्याने तिचा भार का उचलावा, हा प्रश्न खोटा नव्हता. कारखाना गेला की त्याच्या पोटावर चालणारी शेकडो लहान वर्कशॉप जातात, हे उत्तरही खोटं नव्हतं. ११ डिसेंबर २०१३ रोजी कंपनीने उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. फोर्डने मे महिन्यातच आपला निर्णय सांगितला होता, टोयोटाने पुढच्या फेब्रुवारीत सांगितला. २० ऑक्टोबर २०१७ रोजी एलिझाबेथमधून शेवटची कमोडोर बाहेर पडली, लाल रंगाची. त्या दिवशी साडेनऊशेच्या आसपास कामगार घरी गेले. त्यानंतर ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर मोटारी बनवणारा एकही कारखाना उरला नाही.

माझी भाची अ‍ॅडलेडला असते. २०१९ साली मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिच्या शेजारी एक इटालियन आजोबा राहत होते, ऐंशीच्या घरातले. तरुणपणी बोटीने आलेले आणि बावीस वर्षं एलिझाबेथच्या लाइनवर दरवाजे बसवलेले. मी टूलरूमचा माणूस आहे म्हटल्यावर त्यांनी मला हाताला धरून गॅरेजमध्ये नेलं. तिथे त्यांची जुनी कमोडोर उभी होती. त्यांनी दरवाजा उघडला आणि न ढकलता, नुसता सोडून दिला. तो स्वतःच्या वजनाने आला आणि हलक्या आवाजात बसला. "हा आवाज माझा," ते म्हणाले.

आम्ही बराच वेळ बोललो. त्यांच्या काळात युरोपातून आलेल्यांना 'नवे ऑस्ट्रेलियन' म्हणत. आशियातल्या माणसांना तर १९७० च्या दशकापर्यंत त्या देशाचा दरवाजा जवळजवळ बंदच होता. आजोबा हसत म्हणाले, "अमेरिकेत आखलेल्या गाडीला हे लोक पहिल्या दिवसापासून ऑस्ट्रेलियन म्हणत होते. ती बनवणाऱ्या मला ते म्हणायला वीस वर्षं लागली."

मी ते वाक्य अजून विसरलेलो नाही. वस्तूला आपलं म्हणायला माणसांना वेळ लागत नाही. गाडी जर्मन असो की अमेरिकन, आपल्या रस्त्यावर चार वर्षं पळाली की आपली होते, तिचा मूळ गाव कुणी विचारत नाही. माणसाला मात्र पुरावे द्यावे लागतात. पण आजोबांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यांचा पुरावा गॅरेजमध्ये उभा होता आणि तो रोज सकाळी सुरू होत होता.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला एलिझाबेथला नेलं. कारखान्याच्या आवाराचं आता बिझनेस पार्क झालंय. तिथे तेव्हा दुसरे उद्योग आले होते, त्यात घरगुती वापराच्या बॅटऱ्यांचाही. जागा ओसाड नाही, हे बघून बरं वाटलं. जागेला काम मिळतं. अनुभवाला ते इतक्या सहज मिळत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत जनरल मोटर्सने होल्डन हे नावही संपवत असल्याचं जाहीर केलं. मेलबर्नमधलं आखणीचं काम थांबलं. लँग लँगचं चाचणी मैदान व्हिएतनामच्या विनफास्ट कंपनीने विकत घेतलं. नव्याने गाडी बनवायला निघालेल्या देशाला नेमकं काय विकत घ्यावंसं वाटलं पाहा. त्यांनी गाड्या मोडायची जागा घेतली.

काही माणसं मात्र वर पोहोचली. होल्डनमध्ये घडलेले माइक सिम्को २०१६ साली जनरल मोटर्सच्या जगभरच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले, त्या जागेवर बसलेले पहिले बिगर-अमेरिकन. एका माणसापुरतं हे मोठं यश. पण असा माणूस घडायला मागे एक अख्खं गाव लागतं, दरवाजे बसवणारे, डाय घासणारे, रात्री चाचणी मैदानावर गाडी पळवणारे. ते गाव पांगलं की पुढचा माणूस कुठून येणार?

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर चिंचवडपासून तासाभराच्या आत तळेगाव आहे. याच जनरल मोटर्सने २००८ साली तिथे कारखाना सुरू केला. २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही. म्हणजे होल्डन नावाचा शेवट आणि तळेगावच्या लाइनचा शेवट एकाच वर्षातला. पण दोन्हींत एक फरक आहे. तळेगावात बनणारी बीट कोरियात आखलेली होती. तिथे नोकऱ्या गेल्या, आणि ते दुःख लहान नाही. ऑस्ट्रेलियात नोकऱ्यांबरोबर आणखी काही गेलं, मोडलेली गाडी बघून 'इथे पत्रा जाड कर' असं ठरवण्याचा अधिकार.

आता तळेगावचा तो कारखाना ह्युंदाईकडे गेला आहे. माझ्या ओळखीची काही पोरं तिथे लागायची स्वप्नं बघतात. लागावीत, चांगला पगार मिळावा, ही दुआ आहेच. उसनं घेण्यात मला कधीच कमीपणा वाटलेला नाही. उसन्यापासूनच सगळे सुरुवात करतात, होल्डननेही केली. फक्त या पोरांपैकी एखाद्याला भोक अर्धा मिलिमीटर डावीकडे हवं असं वाटलं, तर त्याचं म्हणणं ऐकून ड्रॉइंग बदलणारी खोली त्याच आवारात असावी. आणि कधीतरी त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या चौकटीत, त्याचंच नाव यावं.